सूटवर कोणत्या रंगाचे बूट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूट नीट शिवून झालेला असतो, शर्ट-टाय ठरलेली असते आणि निघायच्या आधी बुटांपाशी गाडी अडते. रंगजुळणीचे तक्ते हवे तितके मिळतात, पण तक्त्यात ‘ब्राउन’ असा एकच रकाना असतो आणि कपाटातले ब्राउन बूट मात्र तीन तऱ्हेचे असतात. म्हणून खालची उत्तरं कारणांसकट दिली आहेत. कारण समजलं की तक्त्यात नसलेली जोडीही स्वतःची स्वतः ठरवता येते.

बूट निवडताना आधी काय बघायचं?

आधी गडदपणा बघा, रंगाचं नाव नंतर. बूट पॅन्टपेक्षा गडद असावेत, निदान जवळपास तितकेच गडद असावेत. गडद पॅन्टखाली फिके बूट आले की समोरच्याची नजर सारखी पायांकडे ओढली जाते. सूटचा सगळा खटाटोप असतो तो नजर चेहऱ्याकडे जावी म्हणून. फिके बूट तो उलटा फिरवतात.

गडदपणा नुसत्या डोळ्यांनी जोखणं अवघड जातं, कारण रंग मध्ये येतो. त्यावर सोपा उपाय आहे. खिडकीजवळ बूट ठेवा, पॅन्टचा पाय त्यावर टाका, मोबाइलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. आता फक्त गडद-फिकं उरतं. बूट पॅन्टपेक्षा गडद किंवा बरोबरीचे दिसले तर पुढे जा. ठळकपणे फिके दिसले तर ती जोडी ऑफिस, मुलाखत आणि संध्याकाळचे समारंभ सोडून इतर वेळेसाठी ठेवा.

त्यानंतर रंगाची छटा बघा. ब्राउन कधी तांबूस असतो, कधी पिवळसर, कधी राखाडीकडे झुकणारा. आणि सगळ्यात शेवटी बुटाची जात: तुकतुकीत की खरखरीत, सडपातळ की जाड सोलचा.

काळे बूट घेतले की प्रश्न मिटला, असं समजायचं का?

अर्धा मिटतो. काळा सूट, चारकोल (कोळशासारखा गडद राखाडी), नेव्ही (गडद निळा), मध्यम राखाडी या सगळ्यांवर काळे बूट बिनचूक चालतात. अडचण येते ती तपकिरी, बिस्किट, खाकी, ऑलिव्ह अशा मातकट सूटवर. तिथे काळा बूट तुटक दिसतो, कारण वरच्या सगळ्या रंगांमध्ये ऊब असते आणि खाली एकदम थंड काळा येतो. अगदी फिक्या निळ्या किंवा मोतिया सूटवरही काळा बूट फार जड वाटतो.

नेव्ही सूटवर काळे की ब्राउन?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. दोन्ही बरोबर आहेत. कुठे जायचं आहे त्यावर निवड ठरते.

नेव्हीवर ब्राउन इतका का खुलतो, हे समजून घेण्यासारखं आहे. रंगशास्त्राच्या दृष्टीने ब्राउन म्हणजे गडद नारिंगी. रंगचक्रात नारिंगी निळ्याच्या बरोबर समोर बसतो आणि समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात. म्हणून तांबूस झाक असलेला चॉकलेटी बूट नेव्हीखाली आला की निळा अधिक निळा दिसतो आणि चामड्याची चमकही जिवंत वाटते. काळा बूट असं काही करत नाही. तो गप्प राहतो, आणि कित्येकदा तेच हवं असतं.

मुलाखत, न्यायालय, अंत्यविधी, महत्त्वाची औपचारिक बैठक असेल तर काळा घाला. रोजचं ऑफिस, दिवसाचा समारंभ, मित्राचं लग्न असेल तर गडद चॉकलेटी घाला. माझं मत विचाराल, तर नेव्हीवर सगळ्यात देखणा बूट गडद तांबूस ब्राउनच, आणि त्यातही पुढच्या टोकाशी पॉलिशने किंचित काळपट झालेला.

एक खबरदारी घ्या. नेव्ही फार गडद असेल, जवळजवळ काळ्याकडे जाणारा, तर ब्राउनही तितकाच गडद लागतो. त्याखाली मधाळ टॅन (फिका, पिवळसर ब्राउन) आला की नुसते बूटच दिसतात. उलट नेव्हीपेक्षा दोन छटा उजळ, शाईसारखा निळा सूट असेल तर मध्यम ब्राउन आरामात चालतो.

चारकोल सूटवर ब्राउन चालतो का?

चालतो, पण अगदी गडदच हवा: कडक कॉफीच्या रंगाचा किंवा काळपट मरून. चारकोल थंड आणि कडक रंग आहे. त्याखाली पिवळसर ब्राउन आला की दोन वेगळ्या माणसांचे कपडे एकत्र आल्यासारखे वाटतात. शंका असेल तर काळा घाला; चारकोल आणि काळा ही जोडी कधी फसत नाही.

आणि फिक्या राखाडी सूटवर?

इथे मोकळीक सगळ्यात जास्त मिळते. चॉकलेटी, मध्यम ब्राउन, बर्गंडी (गडद मरून), दिवसा टॅनसुद्धा. राखाडीला स्वतःचा रंग जवळपास नसतो, त्यामुळे तो बुटाच्या रंगाशी भांडत नाही. काळाही चालतो, फक्त तो सडपातळ आणि साधा असू द्या. फिका राखाडी सूट आणि जाड सोलचा काळा बूट ही जोडी पायाकडे फार जड होते.

काळ्या सूटवर काळ्याशिवाय काही?

नाही. ब्राउन तर नाहीच. काळपट बर्गंडी घालणारे आहेत आणि काहींना ते जमतंही, पण काळा सूट ज्या प्रसंगांना घातला जातो तिथे बुटांनी वेगळं बोलण्याची गरज नसते.

तपकिरी सूटवर तपकिरी बूट घातले तर सगळं एकसारखं दिसेल का?

दिसेल, जर छटा जवळपास सारखी असेल तर. ‘अगदी मॅचिंग’ बूट शोधण्याची धडपड इथे अंगाशी येते: थोडासा फरक राहतोच आणि तो फरक चुकून राहिल्यासारखा वाटतो. म्हणून अंतर स्पष्ट ठेवा. तंबाखूच्या रंगाचा सूट असेल तर बूट दोन पायऱ्या गडद, चॉकलेटी. सूटच चॉकलेटी असेल तर बर्गंडी उत्तम, किंवा गडद ब्राउन स्वेड (मखमली पोताचं, न चकाकणारं चामडं). स्वेडचं पोत सूटच्या कापडापेक्षा वेगळं असल्याने रंग जवळचे असूनही दोन्ही वेगळे उमटतात.

बिस्किट, खाकी, ऑलिव्ह, लिननचे फिके सूट: यांचं काय?

सगळ्यांवर ब्राउन घराण्यातलेच बूट. बिस्किट आणि खाकीवर मध्यम ब्राउन किंवा टॅन; ऑलिव्हवर चॉकलेटी किंवा तांबूस ब्राउन. लिननचं कापड मुळातच सैलसर आणि सुरकुत्यांचं, त्यामुळे त्यावर आरशासारखे चकाकणारे बूट विजोड दिसतात. लोफर (लेस नसलेले, नुसते पाय सरकवायचे बूट) किंवा स्वेड घाला.

बर्गंडी आणि ऑक्सब्लड म्हणजे नेमके कोणते बूट? घ्यावेत का?

गडद मरूनच्या घरातले. बर्गंडीत जांभळट झाक असते, तर ऑक्सब्लड अधिक तपकिरी-लाल असतो. बनवणारे ही नावं सैलसर वापरतात, म्हणून नावापेक्षा प्रत्यक्ष बूट बघून ठरवा. सावलीत बघितला तर जवळजवळ काळा वाटणारा आणि उन्हात लाली दाखवणारा असा बूट मिळाला तर तो जरूर घ्या.

या रंगाला मिळायला हवी तितकी दाद मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं. नेव्ही, चारकोल, फिका राखाडी, तपकिरी, ऑलिव्ह: एकाच जोडावर हे सगळं भागतं. काळ्याला मातकट सूट चालत नाहीत, टॅनला गडद सूट चालत नाहीत. गडद बर्गंडी दोन्हीकडे जातो. काळा सूट आणि टक्सिडो (संध्याकाळच्या खास समारंभाचा औपचारिक सूट) एवढेच त्याच्या आवाक्याबाहेर.

या रंगाचं सगळ्यात नावाजलेलं रूप म्हणजे शेल कॉर्डोव्हन. घोड्याच्या पुठ्ठ्याखालच्या घट्ट थरापासून हे चामडं काढतात आणि ते कमवायला सहा महिने लागतात. शिकागोची हॉर्वीन टॅनरी 1905 पासून चामड्याच्या धंद्यात आहे. तिचा ‘कलर नंबर 8’ हा काळपट मरून इतका रुळला की बूटवेडी मंडळी नुसतं ‘नंबर आठ’ म्हणतात. हे चामडं वासराच्या चामड्यासारखं बारीक सुरकुतत नाही, त्यावर ठसठशीत लाटा उमटतात; आणि वापराने त्याचा रंग हळूहळू उजळत जातो.

टॅन बूट इतके दिसतात, मग लोक त्यांच्यावर टीका का करतात?

टीका बुटांवर नसते, गडद सूटखाली ते घालण्यावर असते. गडद नेव्ही सूट, पांढरा शर्ट आणि पिवळसर टॅन बूट ही जोडी फार लोकप्रिय झाली. पहिल्या उत्तरातला ब्लॅक अँड व्हाइट फोटो या जोडीचा काढून बघा, पाय उजळलेले दिसतील. टॅन उन्हाळी आणि दिवसाचा रंग आहे. फिका राखाडी, उजळ निळा, बिस्किट, लिनन यांच्याखाली तो सुंदर दिसतो. आणि टॅनवर ओरखडे, पाण्याचे डाग लगेच उमटतात, हेही घेताना लक्षात ठेवा.

सूटवर ब्राउन बूट घालायचेच नाहीत, असा नियम होता म्हणतात. खरं का?

लंडनमध्ये होता, आणि त्याची सावली अजून पुरती गेलेली नाही. ‘शहरात ब्राउन नको’ असा त्याचा आशय. ब्राउन बूट हे खेड्यातल्या घराचे, शिकारीचे, फेरफटक्याचे समजले जात. शहरात कामावर जाताना गडद सूट आणि काळे बूट.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर 2016 साली ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनने एक अहवाल प्रसिद्ध केला. तिथल्या गुंतवणूक बँकांच्या कॉर्पोरेट फायनान्स विभागात पुरुषांनी सूटवर ब्राउन बूट घालणं अजूनही बहुधा अमान्य समजलं जातं, असं त्यात नोंदवलं होतं. हुशार उमेदवार, पण असे अलिखित संकेत घरातून कानावर न पडल्यामुळे मागे राहतात, हा त्या अहवालाचा खरा मुद्दा होता. मला तो महत्त्वाचा वाटतो. कपड्यांच्या नियमांची माहिती मोकळेपणाने सांगायला हवी ती याचसाठी.

इटलीत मात्र निळा सूट आणि ब्राउन बूट ही कधीपासूनची आवडती जोडी आहे. आज बहुतेक ऑफिसांत कोणी हरकत घेणार नाही. वित्त आणि कायद्याच्या क्षेत्रातली पहिली मुलाखत असेल तर तेवढ्यापुरता काळा घालून जा.

रंग बरोबर असूनही बूट विचित्र दिसतात. असं का?

बहुधा बुटाची जात चुकलेली असते. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या भागाखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे लेस आवळली की त्या बंद होतात आणि वरचा भाग सपाट दिसतो. सूटवर हाच सगळ्यात औपचारिक. डर्बीत त्याच पट्ट्या वरून शिवलेल्या, म्हणून मोकळ्या. तो एक पायरी उतरता. भोकांच्या नक्षीचा ब्रोग आणखी उतरता, बकलवाला मंक त्यांच्या मध्ये कुठेतरी. लोफर मुळात आरामाचाच बूट. जी. एच. बास कंपनीचे ‘वीजन्स’ नावाचे लोफर 1936 साली आले ते फावल्या वेळेचे बूट म्हणून, आणि गुचीने 1953 साली धातूची कडी लावलेला लोफर आणल्यावर तो हळूहळू सूटखालीही शिरला.

रंग आणि जात मिळून औपचारिकता ठरते. काळा ब्रोग गोंधळलेला दिसतो तो यामुळेच: रंग समारंभाचा, नक्षी मोकळ्या हवेतली. तीच नक्षी ब्राउनवर छान वाटते. ब्राउन ऑक्सफर्ड नक्षीशिवायचा असेल तर तो काळ्याच्या खालोखाल कुठेही नेता येतो.

कापडाचंही तेच. गुळगुळीत वर्स्टेड लोकरीच्या सूटवर तुकतुकीत चामडं, आणि फ्लॅनेल, ट्वीड, कॉर्डुरॉय यांवर स्वेड किंवा दाणेदार चामडं.

स्वेड सूटवर घालावं का?

जरूर. चॉकलेटी स्वेड प्रकाश परत फेकत नाही, म्हणून तेवढ्याच गडद चामड्यापेक्षा मऊ वाटतं आणि नेव्ही, फ्लॅनेल, ऑलिव्ह सगळ्यांशी पटकन जमतं. पाण्याचा फवारा मारून मगच वापरायला काढा. चिखल लागला तर वाळू द्या आणि मग ब्रशने झाडा; ओला असताना घासला तर डाग आत जिरतो.

बेल्ट बुटाच्या रंगाचाच हवा का?

त्याच घराण्यातला हवा. काळ्याला काळा, ब्राउनला ब्राउन, आणि गडदपणा साधारण तितकाच. एकाच कातड्यातून कापल्यासारखा तंतोतंत मिळण्याची गरज नाही. बर्गंडी बुटांना बर्गंडी बेल्ट मिळाला नाही तर गडद ब्राउन लावा. स्वेड बुटांवर साधा चामड्याचा बेल्ट चालतो. घड्याळाच्या पट्ट्याची फारशी चिंता करू नका. पॅन्टला बाजूला अ‍ॅडजस्टर असतील तर बेल्टच नको, आणि प्रश्नच राहत नाही.

मोजे बुटांना जुळवायचे की पॅन्टला?

पॅन्टला. मोजे पॅन्टच्या रंगाचे किंवा त्याहून किंचित गडद असले की बसल्यावर पाय लांब आणि सलग दिसतो. नेव्ही सूट आणि ब्राउन बूट असतील तर मोजे नेव्ही. लांबी पोटरीपर्यंत हवी. पाय दुमडल्यावर मधली उघडी नडगी दिसली की चांगल्या रंगजुळणीचाही विचका होतो. पांढरे मोजे सूटवर नकोत.

चौकडीचा किंवा रेघांचा सूट असेल तर?

मूळ रंग धरून चाला. नेव्हीवर पांढऱ्या रेघा म्हणजे तो नेव्हीच, फक्त अधिक औपचारिक. काळा आधी, मग गडद ब्राउन. चौकडीत एखादी बारीक रेघ वेगळ्या रंगाची असते, उदाहरणार्थ राखाडी चौकडीत विटकरी रेघ. बूट त्या रेघेच्या कुटुंबातला निवडला तर जोडी विचारपूर्वक केल्यासारखी दिसते.

टक्सिडोवर काय?

काळे पेटंट लेदर (काचेसारख्या चकाकत्या लेपाचं चामडं), किंवा अगदी आरशासारखे पॉलिश केलेले साधे काळे ऑक्सफर्ड. टक्सिडो मध्यरात्रीच्या निळ्या रंगाचा असला तरी बूट काळेच. हा निळा दिव्यांच्या उजेडात काळ्यापेक्षाही काळा भासतो, त्यामुळे काळ्या बुटांशी त्याचं काही वाकडं येत नाही.

सूटवर पांढरे स्नीकर्स?

सूट मऊ खांद्यांचा, साध्या सुती किंवा लिननचा असेल, टाय नसेल आणि पॅन्ट घोट्याशी आटोपशीर संपत असेल तर चालतात. चामड्याचे, सडपातळ, कुठलंही मोठं चिन्ह नसलेले आणि स्वच्छ. पहिल्या उत्तरातला गडदपणाचा नियम इथे जाणूनबुजून मोडलेला असतो, म्हणून बाकी सगळं शांत ठेवावं लागतं. कडक खांद्यांच्या ऑफिस सूटवर मात्र नको.

फक्त दोनच जोड घ्यायचे असतील तर कोणते?

काळा साधा ऑक्सफर्ड आणि गडद ब्राउन डर्बी. तिसरा घेता आला तर बर्गंडी लोफर. टॅनचा नंबर त्यानंतर. दोन जोड आलटून पालटून घातले तर दोन्ही जास्त टिकतात, कारण दिवसभराचा घाम चामड्यातून निघून जायला निदान एक दिवस लागतो. मधल्या वेळात आत सिडार लाकडाचे साचे ठेवा.

दुकानात रंग जुळले होते, बाहेर वेगळेच दिसले. असं कसं?

दुकानातले दिवे आणि सूर्यप्रकाश यांच्यातले रंग सारख्या प्रमाणात नसतात. दोन वस्तू एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसणं ही खरीखुरी भौतिक गोष्ट आहे, डोळ्यांचा दोष नाही. पिवळ्या बल्बखाली निळं मंद होतं आणि नेव्ही काळा वाटतो. सकाळी कपाटाशी नेव्ही मोजा समजून काळा चढवला जातो तो याच कारणाने. तांबूस ब्राउन त्याच बल्बखाली अधिक उबदार दिसतो. बूट घेताना सूटची पॅन्ट घालून जा आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात एकदा बघा. ऑनलाइन घेत असाल तर ग्राहकांनी टाकलेले फोटो कंपनीच्या फोटोंपेक्षा जास्त खरे असतात.

घेतलेला ब्राउन फारच फिका निघाला. गडद करता येतो का?

येतो, पण घाईने नाही. वॅक्स पॉलिश वरवर चमक देतं; रंग बदलायचा तर शू क्रीम हवं, कारण त्यात रंगद्रव्य अधिक असतं आणि ते चामड्यात थोडं मुरतं. मूळ रंगापेक्षा एक छटा गडद क्रीम घ्या. आधी जुनं पॉलिश काढा, मग आतल्या बाजूला, कमानीपाशी थोडं लावून बघा. पातळ थर द्या, वीसेक मिनिटं वाळू द्या, ब्रश मारा, मग पुढचा थर. पुढचं टोक आणि टाच यांना एखादा थर जास्त दिला तर टॅनचासुद्धा भारदस्त ब्राउन होतो. सोलची कड विसरू नका. वरचं चामडं गडद झालं आणि कड फिकी राहिली तर काम अर्धवट दिसतं. स्वेडवर हा प्रयोग करू नका. आणि गडद बूट फिका करायचा असेल तर तो बूट दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्या, कारण त्यासाठी मूळ रंग रसायनाने उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

लेस बदलल्या तर चालतात का?

लेस बुटाच्याच रंगाच्या किंवा किंचित गडद, गोल आणि बारीक, मेण लावलेल्या. काळ्या बुटात काळ्याच. बर्गंडीत गडद ब्राउन छान दिसतात. टोकं पिंजलेली लेस चांगल्या बुटाचीही कळा घालवते, म्हणून एक जोडी सुटी आणून ठेवा.